काच की फवारा

फ्रेमवाले : राग मानू नकोस, पण तुझ्या दरपत्रकात ‘प्रोटेक्टिव्ह कोटिंग’ अशी एक वेगळी ओळ आहे, तिच्याबद्दल विचारायचंय. गिऱ्हाईक विचारतं, हे कशासाठी? तू सांगतेस, पाणी, धूळ, ऊन, हाताचे डाग, सगळ्यासाठी. जत्रेत कंबरदुखीपासून केसगळतीपर्यंत एकच बाटली विकणारा बसतो, त्याची आठवण येते मला. पनवेलमध्ये दुकान चालवताना खराब झालेले जेवढे फोटो माझ्याकडे आले, त्यांची दुखणी काही एक नव्हती. कुणाचा फोटो पावसाळ्यात काचेला चिकटलेला. सोडवायला गेलं की चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. कुणाच्या फोटोवर बुरशीचे ठिपके, कारण भिंतीला ओल आणि मागचा हार्डबोर्ड ती ओल पीत बसलेला. कुणाचा खिडकीसमोर टांगलेला म्हणून फिका. आणि या काही वर्षांत एक नवाच प्रकार बघतोय: फोटो फिका नाही, डाग नाही, पण लग्नातली सगळी माणसं तांबूस झालेली. आजार चार आणि तुझा डबा एक. कुठल्या आजारावर चालतो तो, एवढं तरी सांग.

छपाईवाली : दरपत्रकातली भाषा विक्रीची आहे काका, मान्य. ‘सगळ्यासाठी’ हा शब्द मी काढून टाकते. पण शेवटी तुम्ही जो तांबूस फोटो सांगितलात, तिथूनच माझं म्हणणं सुरू होतं. तो फोटो बहुतेक टाकीवाल्या सहारंगी प्रिंटरवर, डाय शाईनं, चकचकीत फोटो पेपरवर काढलेला असणार. एप्सनचे एल८०५ आणि एल१८०० आपल्याकडे गल्लोगल्लीच्या स्टुडिओंत होते, कित्येकांकडे अजून चालू आहेत. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. कागदावर सिलिकाच्या नाहीतर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा थर असतो, कणांमध्ये पोकळ्या असतात, शाई त्यांत शिरते. म्हणून तर प्रिंटरमधून निघालेला फोटो लगेच हातात घेता येतो. गंमत अशी की ज्या भोकांतून शाई आत गेली, ती भोकं नंतर बुजत नाहीत. त्यांतून हवा आत जात राहते, हवेतला ओझोन जातो, आणि तो सगळ्यात आधी निळसर सायन रंगाला लागतो. सायन गेला की लाल-पिवळा उरतो. सन २००० मध्ये एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० बाजारात आले तेव्हा हे जगभर चव्हाट्यावर आलं. कंपनीच्याच चकचकीत कागदावरचे फोटो काहींच्या घरी आठवड्या-दोन आठवड्यांत नारिंगी झाले. उजेडाच्या चाचणीत चांगले उतरलेले फोटो साध्या हवेनं गेले, कारण हवेची चाचणी कुणी मनावर घेतली नव्हती. ॲक्रिलिकचा पातळ थर ती भोकं बुजवतो. तेव्हा तुमच्या चारपैकी एका आजारावर माझा डबा नक्की चालतो. आणि आपल्या गावाजवळून सायन-पनवेल महामार्ग जातो, कळंबोलीतून एक्स्प्रेस वे सुटतो, जेएनपीटीचे ट्रक रात्रंदिवस. गाड्यांचा धूर आणि मार्चचं ऊन एकत्र आलं की ओझोन तयार होतो. ही भीती अमेरिकेतून आणलेली नाही.

फ्रेमवाले : हवा तर काचही अडवते. समोर काच, मध्ये माउंट, मागे बॅकिंग, कडेनं ब्राऊन टेप. आत हवेची ये-जा राहतेच किती? तुझ्या त्या तांबूस फोटोंपैकी बरेचसे उघडे लावलेले होते, एमडीएफवर चिकटवून. काचेत असलेले क्वचित. म्हणजे ज्याला काच आहे त्याला फवारा कशाला? आणि काच मी उद्या काढून दुसरी घालू शकतो. तडा गेला, बदलली. धूळ बसली, उघडून पुसली. फोटोला तिचा स्पर्शही नाही, कारण मध्ये माउंटची जाडी आहे. तुझा फवारा फोटोचाच भाग होऊन बसतो. एकदा मारला की त्याची सावली त्या फोटोबरोबर कायमची.

छपाईवाली : तुम्ही काच विकता, काका.

फ्रेमवाले : आणि तू फवारा. फिटंफाट झाली, पुढे बोल.

छपाईवाली : पुढे असं, की सगळेच फोटो काचेत जात नाहीत, आणि काही जायलाही नकोत. नेऱ्याकडच्या एखाद्या फार्महाउसला कर्नाळ्याच्या पक्ष्यांचे चार फुटी कॅनव्हास हवे असतात. चार फुटी काच तिथं नेणार कोण, आणि तिच्यात समोरची खिडकी दिसणार ती वेगळीच. कॅनव्हास तर लाकडी चौकटीवर ताणताना कडेला दुमडतो. वर थर नसेल तर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. दुसरं उदाहरण मॅट कॉटन पेपरचं. हानेम्युलेचा ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग घ्या. त्यावर मी पिगमेंट शाई वापरते. पिगमेंटमध्ये रंगाचे कण विरघळत नाहीत, कागदाच्या वरच्या थरात बसतात. उजेडाला आणि ओझोनला ते डायपेक्षा कितीतरी दणकट. पण घर्षणाला? गडद काळ्या भागावरून नख ओढून बघा. करडी रेघ उठते, ती कशानंही जात नाही. नुसता दुसरा कागद वर ठेवून सरकवला तरी चट्टा पडतो. ग्राहक घरी नेताना, तुमच्याच दुकानात माउंट कापताना, प्रदर्शनात कुणी कौतुकानं बोट लावताना हे होतं. इथं फवाऱ्याचं काम वर्षांच्या हिशेबाचं नाहीच. छापल्यापासून टांगेपर्यंतच्या आठ दिवसांचं आहे. शिवाय काळा रंग जरा खोल दिसतो, तो फायदा फुकटचा. कागद बनवणारी कंपनी स्वतःच्या नावाचा स्प्रे उगाच विकत नाही.

फ्रेमवाले : उगाच नाहीच, पैशासाठी विकते. बरं, ओरखड्याचं मी मानतो. मॅट कॉटन पेपर माझ्याकडे आला की मी स्वतःच हातमोजे घालतो. पण आठ दिवसांच्या सोयीसाठी तू पन्नास वर्षांचा निर्णय घेतेस, ते मला बोचतं. तुला अजिंठ्याची गोष्ट ठाऊक असेल. १९२० मध्ये निजाम सरकारनं इटलीहून दोन जाणकार आणले, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. हौशी मंडळी नव्हती. त्या काळातलं उत्तम ज्ञान त्यांच्याकडे होतं. सुटायला आलेले पापुद्रे त्यांनी जागच्या जागी बसवले, ते काम झालं नसतं तर कदाचित आज बघायलाच कमी उरलं असतं. पण त्याबरोबर त्यांनी चित्रांवर शेलॅक, म्हणजे आपली लाख, चढवली. त्या वेळी चित्रं उजळून निघाली, सगळे खूश. मग शेलॅक पिवळं पडलं, तपकिरी झालं, धूळ धरून बसलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंच-इंच उतरवत बसावं लागलं. त्याच्याही आधी चित्रांच्या नकला करणाऱ्या साहेबांनी रंग नीट दिसावेत म्हणून व्हार्निश फासलं होतंच. प्रत्येकानं रक्षणासाठीच केलं, किंवा निदान बघण्याच्या सोयीसाठी. आणि इतक्या लांब कशाला जायचं? घाट चढून गेलं की मळवली. तिथल्या रविवर्मा छापखान्यातली देवादिकांची चित्रं पनवेलच्या जुन्या वाड्यांतून अजून माझ्याकडे येतात. तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून त्या छापील चित्रांवर व्हार्निश असायचं. आज लक्ष्मीची साडी मुळात कुठल्या रंगाची होती, ते कडेला पट्टीखाली झाकलेल्या चार सूत जागेवरून ओळखावं लागतं.

छपाईवाली : त्या लक्ष्मीसमोर सत्तर-ऐंशी वर्षं उदबत्ती जळली, समईचं काजळ बसलं, दर दसऱ्याला कुणीतरी ओलं फडकं फिरवलं. व्हार्निश नसतं तर साडीचा रंग ओळखायला लक्ष्मी तरी उरली असती का? तुम्ही पिवळा थर बघता. मला त्या थराखाली चित्र दिसतं. पण ठीक आहे, मुद्दा पिवळेपणाचा आहे, तर तो थर कशाचा यावर ठरतो. लाख पिवळी पडते, डॅमरचं व्हार्निश पिवळं पडतं, पॉलियुरेथेन पडतं. शुद्ध ॲक्रिलिक राळ त्यांच्या मानानं पुष्कळ स्वच्छ राहते. म्हणून जगभरातले संग्रहालयवाले ॲक्रिलिकचीच एक जात दुरुस्तीला वापरतात. माझी निवड तिथूनच सुरू होते. तैलचित्राचं पिक्चर व्हार्निश मी फोटोला लावत नाही. पेन्सिलचित्रांचा फिक्सेटिव्ह लावत नाही, तो भुकटी धरायला बनवलाय, भोकं बुजवायला नाही. पाण्यात मिसळणारं कोटिंग पिगमेंटच्या कॅनव्हासवर रोलरनं छान बसतं, पण तेच डाय शाईवर फिरवलं तर रंग ओघळतो, कारण डाय पाण्यातच विरघळलेली. डायसाठी सॉल्व्हंटवालाच हवा. आणि हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर लॅकर, जो निम्मं पनवेल वापरतं, तो तर अजिबात नाही. डब्यावर राळ कुठली ते धड लिहिलेलं नसतं. आज ज्या नावाखाली ॲक्रिलिक आहे, पुढच्या खेपेला त्याच नावाखाली नायट्रोसेल्युलोज असेल, आणि ते पिवळं पडण्यात लाखेचंच भावंड.

(लेखकाची इथं मध्येच एक टीप. दोघांच्या बोलण्यात मास्कचा विषय आला नाही, कारण दोघांनाही सवय झालेली आहे. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क थेंब अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. डब्यातला वायूही पेट घेणारा असतो. फ्लॅटच्या बंद गॅलरीत, शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना फवारे मारणाऱ्यांनी फोटोच्या आयुष्याची चिंता नंतर करावी.)

फ्रेमवाले : संग्रहालयाचं नाव तूच काढलंस, तर त्यांचा पहिला नियमही घे. जे कराल ते परत उतरवता आलं पाहिजे. तैलरंग वाळून टणक होतो, म्हणून त्याच्यावरचं व्हार्निश हलक्या हातानं, कापसाच्या बोळ्यानं काढता येतं. अजिंठ्यालासुद्धा शेवटी तो थर बराचसा निघाला. तुझं ॲक्रिलिकही सॉल्व्हंटमध्ये पुन्हा विरघळत असेल, मला शंका नाही. पण ते बसलंय कुठं? तूच म्हणालीस, भोकांमध्ये. वर बसलेला थर खरवडता येतो, भोकांत मुरलेला कसा काढणार? काढायला गेलीस तर शाई येईल, कागदावरचा तो सिलिकाचा थर येईल. म्हणजे जी गोष्ट तू गुण म्हणून सांगितलीस, भोकं बुजवण्याची, तीच त्याला कायमचा करते. तैलचित्राला जी सोय आहे ती तुझ्या प्रिंटला नाही.

छपाईवाली : हे पटतं. याला माझ्याकडे उत्तर नाही, पण एक उलट प्रश्न आहे. उतरवायचं कशाला? अजिंठा एकच आहे. माझ्याकडे फाइल आहे. वीस वर्षांनी थर पिवळा पडला तर मी दुसरी प्रत काढेन, तेव्हाच्या चांगल्या शाईनं. संग्रहालयाचा नियम अशा वस्तूसाठी आहे जिची दुसरी प्रत निघत नाही.

फ्रेमवाले : फाइल आहे म्हणतेस. कुठं आहे? ज्या गिऱ्हाइकाचा तांबूस फोटो माझ्याकडे येतो त्याला मी पहिलं हेच विचारतो. स्टुडिओ बंद झाला. हार्ड डिस्क उडाली. सीडी आहे, पण घरात ती चालवायला काही नाही. मोबाइलमध्ये होता, मोबाइल बदलला. शेवटी येतो तो भिंतीवरचा फोटोच. त्याचा स्कॅन काढून आपण नवा करतो. म्हणजे ज्याला तू एक प्रत म्हणून सोडून देतेस तोच वीस वर्षांनी मूळ होऊन परत येतो. आणि त्या दिवशी त्याच्यावर तुझा पिवळा थर असतो.

छपाईवाली : किंवा त्या दिवशी त्याच्यावर थर असतो म्हणून स्कॅन करण्याइतका तो शिल्लक असतो. दोन्ही शक्य आहे, काका. तुम्ही फक्त एक बघता.

फ्रेमवाले : बरं, वीस वर्षांचं राहू दे. जुलैचं बोल. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपल्याकडच्या फर्निचर पॉलिशवाल्याला विचार, पावसात लॅकर मारला की काय होतं. पांढरं पडतं. सॉल्व्हंट भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेतलं पाणी त्या गारव्यावर धरतं आणि ओल्या थरातच अडकतं. दुधाळ धुकं. पॉलिशवाला हुशार असतो, थिनरमध्ये रिटार्डर घालतो, सॉल्व्हंट हळू उडेल असं बघतो. तुला तुझ्या डब्यात काय मिसळता येतं? काही नाही. डबा ज्या देशात भरला त्या देशाची हवा धरून भरलाय. लग्नाचे अल्बम छापायची घाई मेमध्ये, आणि ते भिंतीवर लावायचे फोटो तुझ्याकडे येतात नेमके जूनमध्ये.

छपाईवाली : जूनमध्येच पेणला काय चालू असतं? गणपतीचे कारखाने. सगळ्यात ओल्या तीन महिन्यांत हजारो मूर्तींवर रंगाचे फवारे चालतात, कॉम्प्रेसर लावून. तिथला पोरगा हातानं हवेचा दाब कमी-जास्त करतो, हवा बघून रंग पातळ-घट्ट करतो, मूर्ती दिव्याखाली आधी कोरडी करून घेतो. तेव्हा कोकणात पावसाळ्यात फवारा मारता येत नाही असं कुणी मला सांगू नये. हवा जिंकता येत नाही, पण खोली जिंकता येते. मी एसी आणि डीह्युमिडिफायर लावून आर्द्रतेचा काटा साठच्या खाली आणते. प्रिंट छापल्यावर आधी पूर्ण एक दिवस साध्या कोऱ्या कागदाखाली ठेवते, कारण शाईतलं ग्लायकोल हळूहळू बाहेर पडत असतं. डबाही त्याच खोलीत असतो, बाहेरच्या हवेतून आणलेला नाही. मग प्रिंट आडवी ठेवून हातभर अंतरावरून, कागदाच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच संपवते. एक हात आडवा, वाळला की एक उभा, मग परत आडवा. दिवा बाजूनं, अगदी खालून लावला की ओली चमक सारखी बसली की नाही ते दिसतं. जाड एक हात कधीच नाही. डबा संपत आला की तोंडातून थेंब थुंकतो, तो नेमका कुणाच्या तरी गालावर पडतो. म्हणून शेवटचा पाव डबा मी चाचणीच्या तुकड्यांवर घालवते.

फ्रेमवाले : पेणचं उदाहरण तू दिलंस म्हणून बरं झालं. त्या मूर्तीवरचा रंग किती दिवस टिकायला हवा? दीड दिवस, पाच, फार तर दहा. नंतर विसर्जन. ज्या वस्तूला पाण्यातच जायचंय तिच्या रंगाकडून फोटोला कसला धडा मिळणार?

छपाईवाली : हवेवर मात कशी करायची, तो धडा. किती टिकेल, तो नाही. आणि टिकण्याचं म्हणाल, तर तुम्ही-आम्ही सोडा, तज्ज्ञांचे आकडेही आपल्यासाठी नाहीत. अमेरिकेतल्या हेन्री विल्हेल्म यांचं रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावरचं जाडजूड पुस्तक १९९३ मध्ये आलं. त्यांच्या संस्थेचे आकडे सगळ्या शाईकंपन्या मिरवतात. शंभर वर्षं, दोनशे वर्षं. त्यामागचं घर कसलं आहे ते बघा: दिवसाला १२ तास ४५० लक्स उजेड, २४ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता. काचेतल्या आणि उघड्या फोटोचे आकडे ते वेगळे देतात, काही कागदांचे फवारा मारल्यावरचेही वेगळे, आणि फवाऱ्यानं आकडा वाढलेला दिसतो. पण ६० टक्क्यांचं घर पनवेलमध्ये जुलैत मला कुणी दाखवावं. म्हणून मी स्वतःच्या पट्ट्या करते. एकच प्रिंट, चार तुकडे: एक कोरा, एक फवारलेला, एक काचेखाली, एक दोन्ही. प्रत्येकाचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलनं झाकलेला. खिडकीत लावते, पावसाळाभर ठेवते, मग फॉइल काढून झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी-शेजारी बघते. ज्या डब्यानं माझ्या खिडकीत काम केलं तोच माझ्या दरपत्रकात येतो. कुणाच्या जाहिरातीवर मी विसंबत नाही.

फ्रेमवाले : खिडकीत पावसाळाभर ठेवून तू उजेड आणि ओल एकत्र तपासतेस, मग दोष कुणाचा ते कसं वेगळं करणार? तरी पट्ट्या करतेस हे चांगलंच, मी तर तेवढंही करत नाही. पण डब्यांवर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असं जे मोठ्या अक्षरात असतं त्याचं काय? किरण शोषायचे तर थराला जाडी लागते. तुझे तीन पातळ हात मिळून केसाच्याही जाडीला पोचत नाहीत. जाडी वाढवलीस तर थर डोळ्याला दिसू लागतो, संत्र्याच्या सालीसारखा. आणि डाय शाई नुसत्या अतिनील किरणांनी थोडीच जाते? साध्या दिसणाऱ्या उजेडानंही जातेच. तो अडवणारा थर म्हणजे काळा रंग.

छपाईवाली : यूव्हीचं मीही सांगत नाही, हल्ली तर मुळीच नाही. उजेडासाठी जागा बदला, असं सांगते. समोरच्या भिंतीऐवजी खिडकीच्या बाजूची भिंत घ्या. ओलीचंही तसंच. ॲक्रिलिक पाण्याचा थेंब अडवतं; पावसाळाभर हवेत राहणारी वाफ त्याला जुमानत नाही, हळूहळू आरपार जाते. आणि कागदाच्या पाठीला, कडांना तर मी काही लावलेलंच नसतं. डाय शाईचा रंग दमट हवेत कडेनं पसरतो, केसांची बारीक रेघ जाड होते, ते फवारा मारूनही पूर्ण थांबत नाही.

फ्रेमवाले : म्हणजे हिशेब असा झाला: ओरखडा, थेंब आणि ओझोन तुझ्या डब्याकडे. उजेड कुणाकडेच नाही. ओल माझ्याकडे, तीही काचेमुळे नव्हे. मी फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचं लावतो, भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर हवा खेळते, त्यामुळे. आणि चिकटण्याचा प्रश्न माउंट सोडवतो. तुझं ॲक्रिलिक उलट उन्हाळ्यात किंचित मऊ पडतं. माउंट न घालता कुणी असला फोटो काचेला टेकवला तर तो आणखीच चिकटेल. दोन उपाय एकत्र केले की दुप्पट रक्षण, असं गिऱ्हाइकाला वाटतं. कधी कधी दुप्पट घोटाळा होतो.

(हा हिशेब मला फार नीटनेटका वाटतो. घरातला फोटो आधी कुठल्या आजारानं जाणार हे टांगताना कुणाला माहीत असतं? आजार ओळखून औषध निवडा, हे सांगणं सोपं. पण फोटोच्या बाबतीत आजार कळतो तो फोटो गेल्यावरच.)

छपाईवाली : मग एक प्रत्यक्षातला फोटो घेऊ. गेलेल्या वडिलांचा. प्रत्येक घरात आहे. पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला, डाय शाई, चकचकीत कागद, अठरा बाय बारा. त्याला रोज नाही तरी सणावाराला हार पडतो. कपाळावर बोटानं ओलं गंध लागतं. पितृपक्षात आधी तो खाली काढून पुसला जातो. समोर उदबत्ती. हा फोटो काचेत असेल तर गंध काचेवर लागतं, पुसलं की गेलं. फवारा मारून उघडा लावला तर तेच गंध थेट वडिलांच्या कपाळावर, आणि पुसणारी सून ओलं फडकं त्या चेहऱ्यावर फिरवणार. इथं काच जिंकते, मी स्वतःच सांगते. फक्त काचेच्या आतही मी त्याला फवारा मारून देईन. कारण उदबत्तीचा धूर, ओझोन, कडेनं शिरणारी हवा, आणि उद्या काच फुटली आणि नवी घालेपर्यंतचे चार महिने. आपल्याकडे फुटलेली काच त्याच आठवड्यात कोण बदलतं?

फ्रेमवाले : आणि मी सांगेन, काचेच्या आत फवारा नको. कारण हाच फोटो एक दिवस मूळ म्हणून परत येणार आहे. वडिलांचा पासपोर्ट फोटो तोवर हरवलेला असेल. तेव्हा मला त्याच्यावर शाई आणि कागद याशिवाय काही नको आहे. धूर मी टेपनं अडवतो. काच फुटली तर बदलून घ्या, हे मी सांगू शकतो. थर चढला तर उतरवून घ्या, हे नाही सांगू शकत. तुझी भीती उद्याची, माझी नातवाच्या वेळची. गिऱ्हाइकाला मात्र एकच फोटो आहे आणि एकच निर्णय.

छपाईवाली : तर मग निदान नोंद तरी ठेवू. चेक्कोनीनं काय लावलं हे कळलं म्हणून तर पुढच्यांना ते काढता आलं. मी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून देईन: शाई कुठली, कागद कुठला, स्प्रेचं नाव, किती हात, तारीख.

फ्रेमवाले : लिही. त्यावर मी बॅकिंग ठोकणार, हार्डबोर्ड बसवणार, वरून टेप. वाचणार कोण?

छपाईवाली : मग हार्डबोर्डच्या बाहेरच्या बाजूला लिहा. आणि एक काम करा, त्याच प्रिंटचा एक न फवारलेला तुकडा पाकिटात घालून बॅकिंगच्या मागे ठेवा. वीस वर्षांनी ज्याच्या हातात फ्रेम येईल त्याला फवाऱ्यानं काय केलं हे शेजारी ठेवून बघता येईल. माझ्या खिडकीतल्या पट्ट्यांचंच हे लांबलेलं रूप.

फ्रेमवाले : तुकडा मी ठेवेन, त्याचे पैसेही घेणार नाही. पण वीस वर्षांनी तो तुकडा फोटोपेक्षा चांगला निघाला, तर त्याचं श्रेय तू कशाला देशील? त्याच्यावर फवारा नव्हता याला, की तो इतकी वर्षं पाकिटात, अंधारात पडून होता याला?